चांदमारीच्या मैदानावरील शिस्त

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून बोलणे हे वास्तविक विद्वानांचे काम. मी आयुष्यातील बहुतेक सारी वर्षे खडू आणि फळा यांच्या संगतीत घालविलेला एक शाळामास्तर. तथापि आपल्या चिटणिसांनी मला जो विषय नेमून दिला, तो माझ्या पाहण्यातला आहे, आणि त्यावर आज संध्याकाळी आपणांस मतही द्यावयाचे आहे. म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

आपल्या युवक-शाखेने असे योजिले आहे की, येत्या सुटीत मंडळाच्या मुलामुलींची एक तुकडी नेमबाजीच्या मैदानावर न्यावी आणि ज्यांस गोडी लागेल त्यांच्या शिक्षणाची सोय करावी. या सूचनेवर गेले दोन महिने आपल्या घराघरांतून चर्चा चालू आहे. माझ्या कानी आलेल्या मतांचे दोन ढोबळ वर्ग पडतात. पहिला वर्ग, विशेषतः माताभगिनींचा, म्हणतो, "मुलांच्या हाती बंदूक कशाला? उद्या काही विपरीत घडले तर?" दुसरा वर्ग म्हणतो, "यात शिकवायचे ते काय? आमच्या आजोबांच्या खुंटीला बंदूक टांगलेली असे. आम्ही तिच्याखालीच वाढलो."

मला स्वतःला पहिल्या वर्गाची भीती समजते आणि ती योग्य वाटते. काळजी वाटते ती दुसऱ्या वर्गाच्या निर्धास्तपणाची. ती का, हे सांगणे हाच माझ्या आजच्या भाषणाचा हेतू आहे.

'चांदमारी' हा शब्द आपल्या जुन्या माणसांस परिचित आहे. लक्ष्याच्या फळीवरील मधला गोल तो चांद. त्या चांदावर नेम धरून गोळी मारणे ती चांदमारी. पलटणींच्या जुन्या छावण्यांजवळ अजूनही 'चांदमारी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागा आढळतात. आपल्याकडे अशी मैदाने बहुधा सैन्याची वा पोलिसांची. सामान्य गृहस्थाने तेथे जाण्याचा प्रसंग येत नाही. परंतु माझे चिरंजीव अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी नोकरीस असल्याने मला व सौभाग्यवतींस तेथे काही महिने राहण्याचा योग आला आणि तेथील सार्वजनिक चांदमारीचे मैदान पाहावयास मिळाले. सार्वजनिक म्हणजे आपल्या नगरवाचनालयासारखे. शुल्क भरावे, नियम पाळावेत आणि उपयोग करावा.

फिनिक्सच्या उत्तरेस, शहराची वस्ती विरळ होऊन निवडुंगाचे माळ सुरू होतात तेथे, हे मैदान आहे. बेन एव्हरी नावाच्या तेथील एका वृत्तपत्रकाराचे नाव त्यास दिलेले आहे. विस्तार सुमारे १,६५० एकर. म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान गावाचे शिवारच म्हणा ना. ते चालविते त्या राज्याचे वन्यजीव व मत्स्य खाते. वन्य प्राण्यांचे रक्षण करणाऱ्या खात्याने बंदुकीचे मैदान चालवावे, याचे मला प्रथम आश्चर्य वाटले. पुढे त्याचा उलगडा झाला. १९३७ साली अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. पिटमन आणि रॉबर्टसन या दोन लोकप्रतिनिधींच्या नावाने तो ओळखला जातो. या कायद्याने लांब नळीच्या बंदुका व काडतुसे यांवरील शेकडा ११ कर वन्यजीवांच्या संवर्धनासाठी बाजूस काढला. पिस्तुलांवरील शेकडा १० करही पुढे त्यात आला. त्यातून रानांची निगा राखली जाते, शिकाऱ्यांना सुरक्षिततेचे शिक्षण मिळते आणि अशी सार्वजनिक मैदानेही उभी राहतात. जो बार काढतो त्याच्याच खिशातून हरणाच्या चाऱ्याची तजवीज व्हावी, ही योजना मला मार्मिक वाटली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे मी माझे कर्तव्य समजतो. त्या देशाचे बंदुकीविषयीचे सारेच वर्तन अनुकरणीय आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. २०२३ या एका वर्षात तेथे गोळी लागून सेहेचाळीस हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. घरोघरी शस्त्र असल्याचे हे फळ आपल्या अंगणात लावण्याची कोणीही इच्छा करू नये. परंतु त्याच देशात, जेथे ओळखदेख नसलेली माणसे शेजारी शेजारी उभी राहून गोळ्या झाडतात, ते मैदान मात्र शिस्तीत आणि निर्धोकपणे चालते. जी वस्तू घरात घात करते तीच मैदानावर निरुपद्रवी कशी होते? उत्तर एकच : मैदानावर कोणाच्याही भलेपणावर भिस्त ठेवलेली नसते. सारी भिस्त सवयीवर असते.

आता मैदानाची रचना पाहू. सर्वांत पुढे, लक्ष्यांच्या मागे, मातीचा उंच बांध असतो. चुकलेली गोळी त्यात रुतून राहावी, हा त्याचा उद्देश. बांधापासून निरनिराळ्या अंतरांवर लक्ष्याच्या चौकटी. अलीकडे छपराखाली एका ओळीत मेजे मांडलेली असतात. ती नेमबाजांची रेषा. त्या रेषेच्या मागे जमिनीवर आणखी एक पट्टा आखलेला असतो, त्याचे प्रयोजन पुढे सांगतो. बंदूक मैदानावर आणावयाची ती रिकामी करून आणि पेटीत अगर पिशवीत घालून. पेटी उघडावयाची ती मेजावर गेल्यावर, आणि तीही नळीचे तोंड बांधाकडे राहील अशा रीतीने. गाडीतून उतरल्या उतरल्या खांद्यावर बंदूक टाकून ऐटीत चालत येण्याची सोय तेथे कोणालाच नाही, मग तो सेनेतील निवृत्त अधिकारी का असेना.

मैदानावर देखरेख करणारा अधिकारी असतो आणि त्याची आज्ञा अंतिम असते. त्याने गोळीबारास परवानगी दिली की, तेथील बोलीत मैदान 'तापले'. मग जो तो आपल्या लक्ष्यावर नेम धरतो. ठराविक वेळाने पुकारा होतो, 'सीझ फायर', म्हणजे गोळीबार थांबवा. तत्क्षणी चापावरील बोटे उचलली जातात. प्रत्येकजण आपली बंदूक रिकामी करतो, तिची कळ उघडी ठेवतो, आणि काडतुसाच्या घरात रंगीत खूण घालतो. म्हणजे दुरूनही दिसावे की आत काही नाही. मग बंदूक मेजावर ठेवून सारे त्या मागच्या पट्ट्यापलीकडे जाऊन उभे राहतात. अधिकारी ओळीने एकेक मेज पाहतो. सर्व ठीक असल्याची त्याची खात्री झाली की मैदान 'निवले' असे जाहीर होते आणि मगच लोक आपापल्या लक्ष्याचे कागद पाहावयास व बदलावयास पुढे जातात.

मैदान निवलेले असताना, कोणी माणूस पुढे गेलेला असताना, बंदुकीस हात लावावयाचा नाही. पुसण्यासाठी नाही, दुर्बीण नीट करण्यासाठी नाही, शेजाऱ्यास दाखविण्यासाठी तर नाहीच नाही. मेजाजवळही जावयाचे नाही. त्या पट्ट्याचे प्रयोजन ते हेच. मी तेथे दोन प्रहर बसून होतो. सारी माणसे रिकाम्या हातांनी त्या पट्ट्यामागे थांबत, शिळोप्याच्या गप्पा मारीत आणि अधिकाऱ्याचा पुकारा झाला की पुन्हा आपल्या जागी जात. शाळेत मधली सुटी संपल्याची घंटा ऐकून इतक्या मुकाट्याने वर्गात येणारी मुले मी माझ्या सबंध नोकरीत पाहिली नाहीत.

आता मुख्य नियमांकडे येतो. जेफ कूपर नावाच्या एका अमेरिकन सैनिकी अधिकाऱ्याने बंदुकीच्या सुरक्षिततेचे चार नियम सुटसुटीत रूपात मांडले. आज जगभर शिकाऱ्यांना आणि नेमबाजांना हेच चार नियम थोड्याफार फरकाने पढविले जातात. ते मी आपणांस माझ्या शब्दांत सांगतो.

पहिला नियम : प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. "रिकामी आहे हो" यासारखे घातकी वाक्य बंदुकीच्या व्यवहारात दुसरे नाही. गणिताच्या तासाला मी मुलांना सांगत असे की, उत्तर बरोबर आले असे वाटले तरी ताळा करून पाहा. बंदुकीचाही ताळा असतो. हाती घेताच ती उघडावी, डोळ्यांनी पाहावे, अंधार असेल तर बोट घालून चाचपावे. देणाऱ्याने उघडून, दाखवून द्यावी. घेणाऱ्याने, नुकतेच पाहिले असले तरी, पुन्हा स्वतः पाहून घ्यावी. देणाऱ्याच्या शब्दावर हा अविश्वास होत नाही. ही रीत आहे. स्वयंचलित पिस्तुलात तर फसगत फार होते. काडतुसांची पेटी खालून काढली म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे अजाण माणसास वाटते. परंतु एक काडतूस वर नळीच्या घरात बसलेलेच असते. आधी पेटी काढावी, नंतर घर उघडून पाहावे, हा क्रम म्हणूनच उलटा करू नये.

दुसरा नियम : ज्याचा नाश करावयाचा नाही, त्याच्यावर नळीचे तोंड कधीही फिरू देऊ नये. बंदूक जणू एक लांबलचक काठी आहे आणि तिचे टोक क्षितिजापर्यंत पोहोचते, अशी कल्पना करा. आपण वळलो की ते टोक किती माणसांवरून फिरते, याचे भान ठेवले की हा नियम आपोआप पाळला जातो. मैदानावर नळीचे तोंड सदैव बांधाकडे. कोणी हाक मारली तर मान वळवावी, बंदूक वळवू नये.

तिसरा नियम : नेम लक्ष्यावर स्थिर होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये, ते बाजूस सरळ ठेवावे. यामागे शरीरधर्म आहे. माणूस दचकला, घसरला किंवा एका हाताने काही घट्ट धरू गेला, तर दुसऱ्या हाताची बोटेही नकळत आवळली जातात. त्या आवळण्यावर बुद्धीचा ताबा नसतो. म्हणून चाप आणि बोट यांच्यामध्ये अंतर ठेवणे एवढाच उपाय उरतो.

चौथा नियम : लक्ष्य कोणते, आणि लक्ष्याच्या पलीकडे काय आहे, हे निश्चित जाणून घेतल्याशिवाय गोळी सोडू नये. हा नियम आम्हांस परकीयांनी शिकवावा, याची मला खंत वाटते, कारण आमच्या पुराणांत तो रक्ताने लिहिलेला आहे. दशरथ राजा केवढा धनुर्धर! नुसत्या शब्दाच्या अनुरोधाने बाण मारण्यात त्याचा हातखंडा. अंधारात शरयूच्या काठी पाण्यात कलश बुडाल्याचा ध्वनी झाला. हत्ती पाणी पीत आहे असे त्यास वाटले, बाण सुटला, आणि आंधळ्या मातापित्यांचा एकुलता आधार, तो श्रावण, गतप्राण झाला. कौशल्यात उणीव नव्हती. उणीव होती ती लक्ष्य पाहून घेण्याची. जरा नावाच्या व्याधाची कथाही तशीच. झाडीत त्यास हरीण दिसले असे वाटले आणि बाण लागला तो भगवान श्रीकृष्णांच्या चरणास. द्रोणाचार्यांनी घेतलेली परीक्षा आपण मुलांना आवडीने सांगतो. अर्जुनाला पक्ष्याच्या डोळ्याखेरीज काहीच दिसत नव्हते, म्हणून तो उत्तीर्ण. एकाग्रतेचा धडा म्हणून ही गोष्ट थोरच आहे. परंतु आजच्या मैदानावरील गुरू याच्या पुढचा एक प्रश्न विचारील : "वत्सा, पक्ष्याच्या पाठीमागे काय आहे?" कारण पॉइंट बावीसची लहानशी गोळीदेखील मोकळ्या माळावर दीड किलोमीटरहून दूर जाऊ शकते. मातीचा बांध असतो तो यासाठीच.

बंधुभगिनींनो, हे चार नियम कितीही चांगले असले तरी माझ्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटला तो एका पाचव्या गोष्टीचा. गोळीबार सुरू करण्याची आज्ञा एकटा अधिकारीच देऊ शकतो; परंतु गोळीबार थांबविण्याचा पुकारा कोणीही करू शकतो. पंधरा वर्षांच्या मुलाने करावा, नवख्याने करावा, नुसत्या पाहुण्याने करावा. धोका दिसला की जो कोणी असेल त्याने मोठ्याने ओरडावे, आणि तो आवाज कानी पडताच सर्वांनी तत्काळ थांबावे. कोण ओरडला, का ओरडला, त्याला काय अधिकार, हे प्रश्न नंतरचे. ओरडणाऱ्याचा समज चुकीचा निघाला तरी त्याच्यावर कोणी रागावत नाही. एखादा मिनिट वाया गेला, एवढेच.

याचा विचार मी आपल्या घरांच्या संदर्भात करू लागलो आणि अंतर्मुख झालो. आपल्या ज्ञातीत वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची रीत आहे आणि ती असावी, या मताचा मी आहे. परंतु आजोबांच्या हाती बंदूक आहे, तिचे तोंड ओटीवर खेळणाऱ्या मुलांकडे वळले आहे, आणि नातवाला ते दिसत आहे, अशा वेळी "आजोबा, थांबा!" असे ओरडण्याची मुभा आपल्या घरात त्या नातवाला आहे काय? की "मोठ्यांना शिकवतोस?" म्हणून त्याच्याच पाठीत धपाटा बसेल? चांदमारीच्या मैदानावर वयाचा, पदाचा, पैशाचा मान कमी होत नाही. मात्र जेथे प्राणाचा प्रश्न आहे तेथे तो आड येऊ दिला जात नाही. आपल्या मुलांनी मैदानावरून दुसरे काही आणले नाही, आणि थांबा म्हणण्याचे धैर्य व थांबण्याचा नम्रपणा एवढेच आणले, तरी तुकडीचा खर्च वसूल झाला असे मी मानीन.

आता काही लहान नियम सांगतो. दिसण्यात ते किरकोळ आहेत, परंतु न पाळल्यास पश्चात्तापाची पाळी येते. कानांवर संरक्षक आवरण आणि डोळ्यांवर चष्मा, हे बघ्यांनीही वापरावयाचे. १४० डेसिबलांच्या वरचा एकच आघात कानास कायमचा अपाय करू शकतो आणि मोठ्या रायफलीचा आवाज त्याच्या पुष्कळच वर जातो. ऐकू येईनासे झाल्यावर वैद्याकडे धावून गेलेले ऐकणे परत मिळत नाही. काडतूस त्या बंदुकीच्याच मापाचे आहे ना, हे नळीवरचा व काडतुसावरचा आकडा ताडून पाहावे. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर बंदूक उघडण्याची घाई करू नये. तोंड बांधाकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबावे, कारण दारू कधी उशिराने पेट घेते. बार नेहमीपेक्षा फुसका वाजला, तर पुढची गोळी मुळीच झाडू नये. आधीची नळीतच अडकलेली असू शकते. अशा दोन्ही वेळी अधिकाऱ्यास बोलवावे.

पोशाखाविषयीही सांगतो. उडालेली तप्त पुंगळी कधी उघड्या गळ्यातून अंगात शिरते. चटका बसताच माणूस झटकन वळतो आणि त्याच्याबरोबर बंदूकही वळते. म्हणून गळाबंद सदरा, पायांत बंद बूट. आमच्या मुलींनी ओढणी व केस नीट बांधून जावे. गोळ्यांत व काडतुसांच्या ठिणगीच्या मसाल्यात शिसे असते. ते विषारी आहे. म्हणून रेषेवर काही खाऊ नये, आणि निघताना हात व तोंड साबणाने धुतल्यावाचून शिदोरी सोडू नये. मद्य घेतलेल्या माणसास तर मैदानाच्या फाटकातूनच परत फिरावे लागते.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, "मास्तर, हे अमेरिकेचे झाले. आपले काय?" आपल्याकडेही उत्तम मैदाने आहेत. मुंबईत वरळीस महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे आहे, पुण्याजवळ बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत आहे. त्यांच्यामागे परंपराही आहे. अंजली भागवत यांनी २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. सुमा शिरूर २००४ साली अथेन्सला अंतिम फेरीत होत्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिक येथे जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे! १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला पन्नास मीटर रायफलीच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून त्याने कांस्यपदक जिंकले. एका शिक्षकाच्या घरातला हा मुलगा रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करून तेथवर पोहोचला, याचे मज मास्तराला किती कौतुक वाटले असेल, ते आपण समजू शकता.

या साऱ्यांच्या स्पर्धांतही तीच शिस्त आहे. 'लोड' म्हटल्यावाचून काडतूस घालावयाचे नाही, 'स्टार्ट' म्हटल्यावाचून गोळी झाडावयाची नाही, 'स्टॉप' म्हणताच थांबावयाचे, 'अनलोड' म्हणताच रिकामी करावयाची. बंदूक खाली ठेवताना काडतुसाच्या घरात रंगीत खूण हवीच. दहा मीटरच्या हवाई रायफलीत लक्ष्याचा मधला ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, टाचणीच्या अग्रासारखा. तेथे गोळी पोहोचवावयाची तर श्वास, नाडी आणि मन यांना आवर घालावा लागतो. संतापलेल्या मुलाला हा खेळ साधत नाही. पहिल्या वर्गातील माताभगिनींना माझे हेच सांगणे आहे की, या मैदानावर मुलाच्या अंगी येतो तो संयम. दांडगाई घेऊन जाणाऱ्याला तेथे जागाच नाही.

आणि आता दुसऱ्या वर्गातील माझ्या समवयस्कांकडे वळतो. आपल्यापैकी काही घरांत पूर्वापार परवान्याच्या बंदुका आहेत. खंडेनवमीस त्या बाहेर काढून, पुसून, हळदकुंकू वाहून त्यांची पूजा होते. पूजा अवश्य व्हावी. परंतु त्या दिवशी ती बंदूक पाहुण्यांत हातोहात फिरते, मुले तिच्यासह छायाचित्रे काढून घेतात, एकमेकांवर गमतीने रोखतात, आणि घरचा कर्ता सांगतो, "रिकामी आहे, काळजी नको." पहिला नियम आठवा. शस्त्राची खरी पूजा त्याच्या सामर्थ्याची जाणीव ठेवण्यात आहे. तसेच लग्नाच्या वरातीत अगर निवडणुकीच्या विजयात आकाशात बार काढण्याचे वेड. वर गेलेली गोळी वरच राहत नाही. ती कोणाच्या गच्चीवर, कोणाच्या मुलाच्या मस्तकावर पडेल हे बार काढणाऱ्यास ठाऊक नसते; म्हणजे दशरथाचाच प्रमाद, आणि तोही मौजेखातर. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन, जीवितास धोका होईल अशा रीतीने आनंदाचे बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली आहे. कायद्याच्या भयाने का होईना, आपल्या मंडळाच्या कोणत्याही कार्यात असा बार निघणार नाही, असा ठराव आज आपण करावा, अशी माझी विनंती आहे.

युवक-शाखेच्या योजनेस माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. तो मी चार अटींवर देतो. पहिली, आरंभ दहा मीटरच्या हवाई रायफलीनेच व्हावा आणि तोही अधिकृत शिक्षकाच्या हाताखाली. दुसरी, पहिल्या भेटीत कोणत्याही मुलाने शस्त्रास हात लावू नये; फक्त पाहावे, आणि घरी येऊन चारही नियम स्वतःच्या शब्दांत लिहून दाखवावेत. ज्याचे उत्तर अपुरे, त्याने पुन्हा नुसते पाहावयास जावे. तिसरी, प्रत्येक मुलाबरोबर आई अगर वडील यांपैकी एकाने जावे, म्हणजे नियम घरातही येतील. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्यांनी ती एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत. किल्ली मुलांच्या हाती लागू नये. चौथी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. निघण्यापूर्वी मंडळाच्या सभागृहात प्रत्येक मुलामुलीने एकदा तरी खणखणीत आवाजात 'थांबा' म्हणून दाखवावे, आणि ते ऐकून समोर बसलेल्या आपण सर्व वडीलधाऱ्यांनी हातातले काम जागच्या जागी थांबवून दाखवावे. त्यांस ओरडण्याचा सराव पाहिजे आणि आपणांस ऐकण्याचा.

 मत देताना आपण मुलांचे कल्याण आणि मंडळाचा लौकिक या दोहोंचा विचार कराल, असा मला भरवसा वाटतो.